अकरावा नंबर नको, करंडक मागा

11, 10, 15, 14, 11, 12, 14, 14, 12, 11, 10, 12.

वाचायला मटक्याचे आकडे वाटतील. 2013 साली प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या फुटबॉल लीगमध्ये, वर आल्यापासून 2025 पर्यंतच्या बारा हंगामांत क्रिस्टल पॅलेस या दक्षिण लंडनच्या क्लबने गाठलेले हे नंबर आहेत. बारा वर्षांत दहाच्या वर एकदाही नाही आणि पंधराच्या खालीही एकदाही नाही. वीस संघांच्या तक्त्यात बरोबर मधोमध खुंटी ठोकून बसलेला असा दुसरा क्लब सापडणं कठीण.

सावंतवाडी, कुडाळ, रत्नागिरी, चिपळूण, कुठेही फुटबॉल बघणारी पोरं जमली की त्यांत एखादा एव्हर्टनचा, एखादा वेस्ट हॅमचा, एखादा फुलहॅमचा निघतोच. मँचेस्टर युनायटेडवाले एके काळी यांना हसायचे. 2023-24 ला आठवे आणि 2024-25 ला पंधरावे आल्यावर तेही याच पंगतीत येऊन बसले. सगळ्यांची तक्रार एकच. ऑगस्टात नारळी पौर्णिमेच्या सुमाराला हंगाम सुरू होतो तेव्हा आशा असते, गणपती विसर्जनापर्यंत ती विसर्जित होते आणि फेब्रुवारीनंतर दर शनिवारी नुसती हजेरी लावायची. वर युरोपातल्या स्पर्धांची संधी नाही, खाली शेवटच्या तिघांसारखं खालच्या विभागात पडायची भीती नाही. "परत अकरावोच!" असं म्हणून मोबाइल उलटा ठेवायचा. मग उपाय म्हणून मागणी काय, तर कोच हटवा.

राग रास्त आहे, पण तो चुकीच्या दारावर जातो. मधल्या नंबरातून बाहेर पडण्याची चावी बहुतेक वेळा कोचच्या खिशात नसतेच. आणि जी एक गोष्ट असा क्लब खरोखर जिंकू शकतो, ती तो जानेवारीतल्या एका दुपारी आपल्या हाताने सोडून देतो. ती गोष्ट म्हणजे करंडक. चाहत्यांनी ओरडायचं असेल तर त्यासाठी ओरडावं.

आधी मधला नंबर येतो कुठून ते बघू. लीग 38 सामन्यांची असते. इतक्या लांबच्या शर्यतीत नशिबाचे चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात आणि शेवटी उरतो तो पगाराचा आकडा. जो क्लब खेळाडूंवर दहाव्या क्रमांकाचा खर्च करतो, तो साधारण दहाव्याच्या आसपास येतो. एखाद्या वर्षी आठवा, एखाद्या वर्षी तेरावा. मग जास्त खर्च का करत नाहीत? कारण नियम. तीन वर्षांत मिळून 10.5 कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नाही, या 2025-26 पर्यंतच्या नियमाखाली एव्हर्टनचे 2023 च्या नोव्हेंबरात 10 गुण कापले गेले. अपिलात ते 6 झाले आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या प्रकरणात आणखी 2 गेले. त्याच हंगामात नॉटिंगहॅम फॉरेस्टचे 4 गेले.

या हिशेबात खेळाडूची किंमत एकदम धरत नाहीत. 6 कोटी पौंडांना घेतलेला खेळाडू पाच वर्षांच्या करारावर असेल तर वहीत दर वर्षी 1.2 कोटी पडतात, वर त्याचा पगार. असे चार खेळाडू चुकले की पुढची चार-पाच वर्षं हात बांधले जातात, कारण त्यांना त्या पगारावर घ्यायला कुणी तयार नसतं. विकायचं असेल तर जो चांगला खेळतो त्यालाच विकावं लागतं. पॅलेसने मायकेल ओलिसेला रेडिंगकडून स्वस्तात आणलं, घडवलं आणि 2024 मध्ये तो बायर्न म्युनिकला गेला. एबेरेची एझे 2025 च्या ऑगस्टात आर्सेनलला. चाहते याला गद्दारी म्हणतात. मधल्या क्लबसाठी तो घरखर्च आहे. ब्रायटनने तर कायसेडोला 11.5 कोटींना विकून याच धंद्यावर बस्तान बसवलं.

आता या चौकटीत कोच बदलून किती फरक पडतो? पडतो, पण वरच्या दिशेने क्वचित. चार्लटनचे लोक 2006 मध्ये तेराव्या नंबराला कंटाळले होते. ॲलन कर्बिश्ली पंधरा वर्षांनी गेले. पुढच्या एका हंगामात तीन कोच झाले, क्लब एकोणिसावा येऊन खाली गेला आणि त्यानंतर आजतागायत प्रीमियर लीगमध्ये परतलेला नाही. स्टोक सलग तीन वर्षं नववा आला. नववा म्हणजे काहीच नाही, अशी तेव्हा कुरकुर होती. मग तेरावा आला, मग 2018 मध्ये एकोणिसावा आणि खाली. खुद्द पॅलेसने 2017 मध्ये 'आता सुंदर फुटबॉल' म्हणून फ्रँक डी बोअरला आणलं. पहिले चार लीग सामने हरले, एक गोल झाला नाही आणि 77 दिवसांत त्याला निरोप. वेस्ट हॅमने डेव्हिड मॉइसला 2024 मध्ये नवव्या नंबरावर जाऊ दिलं. पुढच्या हंगामात दोन कोच वापरून चौदावा आला.

'मग गप्प बसा, जे आहे त्यात समाधान माना' असा याचा अर्थ काही जण काढतात, विशेषतः टीव्हीवरचे निवृत्त खेळाडू. तो अर्थ आम्हाला मान्य नाही. समाधान मानायला चाहता काही क्लबचा हिशेबनीस नाही. प्रश्न एवढाच की पैशाच्या रांगेत उभं राहून जे मिळणार नाही ते मागत बसायचं, की पैशाची रांग जिथे तुटते तिथे जोर लावायचा.

ती तुटते बाद फेरीत, म्हणजे एफए कप आणि लीग कप या इंग्लंडातल्या 'हरला की बाहेर' स्पर्धांत. प्रीमियर लीगचा संघ एफए कपात तिसऱ्या फेरीपासून उतरतो. तिथून करंडकापर्यंत सामने फक्त सहा. लीग कपात, युरोपात खेळत नसाल तर, दुसऱ्या फेरीपासून सुरुवात आणि उपांत्य फेरी दोन सामन्यांची, म्हणून सात. अडतीस सामन्यांत पैसा जिंकतो. सहा सामन्यांत पैशाला सोडतीशी, लाल कार्डाशी आणि एखाद्या गोलकीपरच्या हातमोज्यांशी झुंजावं लागतं.

आकडे बघा. 1996 ते 2025 या तीस वर्षांत लीगचं विजेतेपद मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल, चेल्सी, लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटी या पाच क्लबांच्या बाहेर एकदाच गेलं, 2016 मध्ये लेस्टरकडे. एफए कप त्याच काळात चारदा बाहेर गेला: पोर्टस्मथ 2008, विगन 2013, लेस्टर 2021, पॅलेस 2025. आणि लीग कप दहा वेळा. त्यात बर्मिंगहॅम आहे, स्वान्सी आहे, मिडल्सब्रो आहे. हेही कबूल करायला हवं की त्या दहांपैकी आठ 2011 पर्यंतचे आहेत. मोठ्या क्लबांची राखीव फळीही आता महाग झालीय. तरी 2025 च्या मार्चमध्ये न्यूकॅसलने लिव्हरपूलला 2-1 हरवून 1955 नंतरचा पहिला देशांतर्गत करंडक नेलाच.

मग मधले क्लब या स्पर्धा मनापासून का खेळत नाहीत? कारण अगदी वाण्याच्या हिशेबाचं आहे. 2023-24 मध्ये लीगमधली एक पायरी वर चढली की साधारण 28 लाख पौंड जास्त मिळत होते. एफए कपाचा अंतिम सामना जिंकल्याचं बक्षीस 20 लाख. लीग कप जिंकणाऱ्याला तर 1 लाख! म्हणजे तेराव्याऐवजी बारावं येणं हे वहीच्या भाषेत अंतिम सामन्याच्या बक्षिसापेक्षा मोठं. अध्यक्ष वही वाचतो, कोचला अध्यक्षाची नजर वाचता येते, आणि जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या शनिवारी संघाची यादी लागते तेव्हा त्यात आठ-नऊ बदल असतात. विजेत्याला युरोपचं दार उघडतं, एफए कपाला युरोपा लीग (युरोपातली दुसऱ्या दर्जाची स्पर्धा) आणि लीग कपाला कॉन्फरन्स लीग (तिसऱ्या दर्जाची), हे त्या वहीत आगाऊ लिहिता येत नाही, म्हणून धरलं जात नाही.

आठ-नऊ बदल केल्यावर मैदानावर नेमकं काय बिघडतं, ते सांगायला हवं. 'राखीव खेळाडूही लाखो पौंड घेतात, जिंकायला नको का' एवढ्यावर लोक थांबतात. एकेकटा खेळाडू वाईट नसतो. चौघांची बचावफळी कधी एकत्र खेळलेली नसते, त्यामुळे पुढे सरकायचं कधी आणि थांबायचं कधी याची हाक कुणी द्यायची तेच ठरलेलं नसतं. एक जण दोन पावलं मागे राहिला की ऑफसाइडची रेषा मोडली. कॉर्नरला तर गोंधळ ठरलेलाच. पहिल्या संघात जवळच्या खांबापाशी जो उभा राहतो तो आज घरी असतो, त्याची जागा कागदावर दुसऱ्याला दिलेली असते, पण सराव दोनच दिवसांचा. आणि खालच्या विभागातले संघ गोल करतात ते बहुतेक इथेच: कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो. मग 0-1 झालं की साठाव्या मिनिटाला तीन मोठी नावं एकदम उतरवायची. ती बाकावरून थंड उठलेली, समोरचा संघ दहा जण मागे घेऊन बसलेला. घाईघाईत क्रॉस, क्रॉस, क्रॉस आणि घरी.

'सामने फार होतात' हा बहाणाही आता जुना झाला. एफए कपात बरोबरी झाली तर पुन्हा सामना खेळायची पद्धत 2024-25 पासून मुख्य फेऱ्यांमधून काढून टाकली. त्याच दिवशी जादा वेळ आणि पेनल्टी. लीग कपात तर सुरुवातीच्या फेऱ्यांत जादा वेळही नाही, नव्वद मिनिटांनंतर थेट पेनल्टी. म्हणजे सहा-सात संध्याकाळींचा प्रश्न आहे, आणि त्यातही पेनल्टीचा सराव हा सगळ्यात स्वस्त सराव.

विश्रांती लागतेच, ती कुठे द्यायची एवढा मुद्दा. आमचं म्हणणं असं: करंडकाच्या सामन्यात बदल जास्तीत जास्त तीन-चार, आणि कणा तोच ठेवायचा, म्हणजे गोलकीपर, मधला एक बचावपटू, मधल्या फळीतला एक आणि पुढचा एक. बदल करायचे ते कडेच्या जागांवर, जिथे धावणं जास्त आणि समजुतीचं ओझं कमी. उरलेली विश्रांती लीगच्या अशा सामन्यात द्यायची जिथे एरवीही दहातले आठ वेळा हरणारच, उदाहरणार्थ बाहेरच्या मैदानावर सिटी किंवा लिव्हरपूल. इथे एक गंमत आहे. 2009 च्या डिसेंबरात वूल्व्ह्जने युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर दहा बदल करून संघ उतरवला, तर लीगने त्यांना 25 हजार पौंडांचा स्थगित दंड ठोठावला. करंडकात तेवढेच बदल केले तर कुणी भुवईही उंचावत नाही. पुढच्या हंगामापासून 25 जणांची नोंदणी आली आणि लीगमध्येही त्या यादीतून निवड करायची मोकळीक वाढली. वापरणारे मात्र थोडे.

आणि खाली पडायची भीती? '40 गुण झाले की सुटलो' हे सूत्र कोकणातल्या चाहत्यालाही पाठ असतं. 2003 मध्ये वेस्ट हॅम 42 गुण असूनही खाली गेला, हे खरं. पण अलीकडचा हिशेब वेगळा आहे. 2023-24 मध्ये अठराव्या संघाचे 26 गुण होते, 2024-25 मध्ये 25. दोन्ही वर्षी वर आलेले तिन्ही संघ तसेच्या तसे परत गेले. 2025 च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला पॅलेसने युनायटेडला त्यांच्याच मैदानावर हरवलं तेव्हा त्यांचे 30 गुण झाले होते. मागे वळून बघता लीगमधलं त्यांचं काम तिथेच संपलं होतं. चौदा सामने शिल्लक असताना!

हा पॅलेसचा हंगाम नीट बघण्यासारखा आहे. सुरुवात इतकी वाईट की पहिल्या आठ लीग सामन्यांत एकही विजय नाही, गुण तीन. सवयीप्रमाणे कोचची मागणी झालीच. ऑलिव्हर ग्लासनर फेब्रुवारी 2024 मध्ये आलेला, त्याला ठेवलं. एफए कपात स्टॉकपोर्टला 1-0, डॉनकास्टरला 2-0, मिलवॉलला 3-1, मग फुलहॅमला त्यांच्या मैदानावर 3-0 आणि उपांत्य सामन्यात ॲस्टन व्हिलाला 3-0.

17 मे 2025 चा मँचेस्टर सिटीविरुद्धचा अंतिम सामना आपल्याकडे रात्री नऊला होता. चेंडू तीन चतुर्थांशाहून जास्त वेळ सिटीकडे. पॅलेस मागे तीन आणि कडेला दोन असे पाच जण एका रेषेत लावून बसलेला, त्यांच्यापुढे चौघांची दुसरी ओळ. सोळाव्या मिनिटाला चेंडू मागून लांब आला, पॅलेसच्या मटेटाने तो पाठीवर माणूस घेऊन धरला आणि उजवीकडे सोडला. मुन्योझ उजव्या कडेने सुसाट निघाला, त्याने चेंडू आत टाकला आणि मागून पळत आलेल्या एझेने तो जमिनीवर ठेवायची वाट न बघता एका स्पर्शात मारला. हा योगायोग नव्हता. सिटीचे कडेचे खेळाडू वर चढले की त्यांच्या पाठीमागे जी मोकळी पट्टी राहते, तिथेच मुन्योझला पळवायचं हे पॅलेस हंगामभर करत आले होते. पुढे पॅलेसचा गोलकीपर हेंडरसनने सिटीच्या मरमूशची पेनल्टी अडवली. हेंडरसनने त्याआधी चौकोनाबाहेर चेंडूला हात लावला होता आणि त्याला बाहेर काढायला हवं होतं, असं सिटीवाले अजून म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बाद फेरीत असलं नशीबही उपयोगी पडतं, म्हणून तर ती खेळायची. 1-0. क्लबच्या इतिहासातला पहिला मोठा करंडक.

लीगमध्ये ते कितवे आले? बारावे. 53 गुण, म्हणजे प्रीमियर लीगमधले त्यांचे सर्वांत जास्त, तरी बारावेच. करंडकामागे लागल्याने लीग बुडते हा सिद्धांत इथे तरी टिकला नाही.

उलट बाजूची उदाहरणं आहेत आणि ती टाळता येत नाहीत. विगनने 2013 मध्ये बेन वॉटसनच्या शेवटच्या क्षणीच्या गोलावर सिटीलाच हरवलं आणि तीन दिवसांनी खाली गेला. बर्मिंगहॅमने 2011 मध्ये आर्सेनलला हरवून लीग कप घेतला आणि मेमध्ये खाली. पण विगन त्या वसंतात आधीच गाळात रुतलेला होता. आम्ही बोलतोय ते फेब्रुवारीत दहाव्या-बाराव्या जागी सुरक्षित बसलेल्या क्लबबद्दल. स्वान्सीने 2013 मध्ये लीग कप घेतला आणि लीगमध्ये नववा आला. वेस्ट हॅम 2023 मध्ये चौदावा आला आणि प्रागला कॉन्फरन्स लीगच्या अंतिम सामन्यात फिओरेंटिनाला 2-1 हरवून 1980 नंतरचा पहिला मोठा करंडक घेऊन आला. टॉटनहॅमचं 2025 चं प्रकरण टोकाचं आहे: लीगमध्ये सतरावा आणि युरोपा लीगचा विजेता. कोच पोस्टेकोग्लूची नोकरी तरीही गेली. तेव्हा करंडकाने सगळं सुटतं असंही नाही. पॅलेसलाही युरोपा लीगचं बक्षीस पूर्ण मिळालं नाही. एकाच भागधारकाचा दोन क्लबांत हिस्सा असल्याच्या नियमावरून युरोपातल्या फुटबॉलची संघटना युएफाने त्यांना कॉन्फरन्स लीगमध्ये उतरवलं आणि क्रीडा लवादातही ते हरले. करंडक मात्र कपाटातच राहिला.

आता आपल्या दाराशी या. बांद्यापासून दक्षिणेला कोकण रेल्वेच्या वाटेवर मडगाव, आणि मडगावात फातोर्ड्याचं स्टेडियम. सिंधुदुर्गातल्या बऱ्याच जणांचं जवळचं मोठं मैदान तेच. तिथला क्लब एफसी गोवा 2025 च्या मेमध्ये भारतातला सुपर कप हा बाद फेरीचा करंडक जिंकला, भुवनेश्वरला चार सामने खेळून, अंतिम सामन्यात जमशेदपूरला 3-0 हरवून. भारतातल्या लीगमध्ये ते दुसरे होते. मोहन बागानच्या मागे. आशियाई स्पर्धेची वाट उघडली ती दुसऱ्या नंबराने नव्हे, त्या चार सामन्यांनी. त्यातून ऑक्टोबरात सौदीचा अल नस्र फातोर्ड्यात येऊन खेळला. त्यांचा रोनाल्डो आला नाही, गोवा 1-2 हरला, पण ब्रायसन फर्नांडिसचा गोल झाला. असा सामना लीगमधल्या कुठल्या नंबराने सावंतवाडीपासून काही तासांवर आणून ठेवला असता?

तसं पाहिलं तर कोकणाला हे शिकवावं लागू नये. इथे गावोगाव डिसेंबर ते मे जे खेळलं जातं, कबड्डी असो की अंडरआर्म क्रिकेट, ते बहुतेक बाद फेरीचंच असतं. 'एक गाव एक संघ' म्हटल्यावर चाकरमानी रजा टाकून मुंबईहून येतो तो पहिल्याच सामन्यासाठी. पहिली फेरी आहे म्हणून हुकमी चढाईपटूला बसवून ठेवणारा कप्तान वाडीत तोंड दाखवू शकणार नाही. तोच माणूस रात्री टीव्हीसमोर बसून 'लीगवर लक्ष द्यायला हवं, कपात पोरांना खेळवू दे' असं म्हणतो, तेव्हा तो नकळत अध्यक्षाच्या वहीतलं वाक्य बोलत असतो.

रत्नागिरीतल्या चाहत्याने लंडनच्या अध्यक्षाला काय सांगायचं, आणि तो कशाला ऐकेल, असं कुणी म्हणेल. तिकीट नाकारायची ताकद आपल्याकडे नाही, हे खरंच. पण 2022 ते 2025 च्या करारांत प्रीमियर लीगच्या परदेशी प्रक्षेपण हक्कांची रक्कम इंग्लंडमधल्या हक्कांच्या पुढे गेली. तो पैसा आपल्यासारख्यांच्या डोळ्यांवर उभा आहे. क्लबांचे लोक समाजमाध्यमांवरची चाहत्यांची ओरड मोजतात, त्यातला सूर टिपतात. आज त्यांना सूर ऐकू येतो तो फक्त 'कोच हटवा'चा, आणि तो अध्यक्षाला सोयीचा आहे. एक माणूस हटवला की त्याच्याकडे दुसरं काही मागितलं जात नाही.

म्हणून जानेवारीत एफए कपाची तिसरी फेरी येईल तेव्हा निकालाआधी यादी बघा. शनिवारी इंग्लंडात दुपारी तीनचा सामना म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठ. संघ त्याआधी तासाभराने जाहीर होतो. मागच्या लीग सामन्यातल्या अकरांपैकी किती उरलेत ते मोजा. सात किंवा जास्त असतील तर क्लब खेळायला उतरलाय, हरला तरी चालेल. तीन-चारच असतील तर सामना जिंकला तरी ओरडा, आणि ओरडताना नाव कोचचं घेऊ नका. विचारा की बारावा नंबर आला तर मिळणाऱ्या त्या 28 लाख पौंडांचं तुम्ही काय करणार आहात.